हरबाचा अंगठा

माझं गाव मिरजेच्या अलीकडं, आणि शिक्षण म्हणाल तर तिसरीतनं सुटलो ते सुटलोच, सही येती, बसचा नंबर वाचता येतो, बास. पण तालमीत जेवढं शिकलो तेवढं कुणी शिकलं नसंल. ते आधी लिहा. गुळाच्या पेठेत जन्मभर रवे उचलले, त्याच्यावरच आमचा संजय शिकला आणि इथं सिंगापुरात बँकेत लागला, ते खरं हाय, पण हमाल नंतर लिहा. आधी पैलवान लिहा.

तर तुम्ही कार्डांचं विचारलंत. आमच्या जत्रेला कुस्त्यांचं मैदान भरायचं, आणि एक फोटोवाला नावाजलेल्या पैलवानांची कार्डं छापून विकायला आणायचा, पत्त्याएवढी, लांग लावून उभा पैलवान आणि खाली नाव. आम्ही ती जमवायचो. पण नुसतं कार्ड म्हणजे काय, कागद. कुस्ती मारली की पैलवान मैदानाला फेरी मारायचा, तवा आपण कार्ड उलटं करून पुढं धरायचं आणि त्यानं मागं मातीचा अंगठा उठवायचा. हौद्याची, कुस्तीच्या आखाड्याची माती म्हणजे रानातली न्हवं, ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळलेली तांबडी माती, कागदाला धरून राहायची. आणि अंगठा घ्यायचा जिंकणाऱ्याचाच. हरलेल्यापुढं कुणी कार्ड धरायचं न्हाई, हरलेल्यानं गपचिप कापडं घालायची आणि गाड्यांच्या आडोशानं घर गाठायचं.

लई होती माझ्याकडं. एका पैलवानाचा अंगठा अर्धाच, उसाच्या चरकात गेलेला, त्या अर्ध्या अंगठ्यापायी मी कोरी चप्पल देऊन टाकली आणि अनवाणी घरी आलो, बापानं बडवलं. पण जिवाचं म्हणाल तर एकच कार्ड, हरबाचं.

हरबा म्हणजे कसा, काय सांगू तुम्हाला, वडाचा बुंधा. आणि माझी जोड लागली ती त्याच्याशीच. वस्ताद म्हणले, पोरा, थांब अजून एक साल. मी कुणाचं ऐकतोय, शड्डू ठोकला आणि उतरलो. हलगी वाजत होती, लोक झाडावर चढलेले. बरं चाललं होतं माझं, विचारा कुणालाही, आता विचारायला कुणी राहिलं न्हाई ते सोडा. मी पट काढायला, त्याचा पाय ओढायला वाकलो, त्यानं बगलंत हात घालून ढाक मारली, आणि मला आभाळ दिसलं. पाठ लागली. आयुष्यात एकदाच लागली, पण लागली.

आता हरलेल्यानं काय करायचं ते सांगितलं तुम्हाला. मी केलं न्हाई तसं. हरबाचं कार्ड सकाळीच घेतलेलं, कापडात ठेवलेलं, ते काढलं आणि तसाच लंगोटावर पोरांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलो. लोक हसले, म्हणाले, बघा, पडलेला गडी अंगठा मागतोय. हरबा हसला न्हाई. एवढ्या पोरांना अंगठे देऊन त्याच्या हाताची माती संपलेली. त्यानं काय केलं, माझ्या खांद्यावरनं हात मागं टाकला, माझ्या पाठीवर अंगठा घासला आणि उठवला कार्डावर. म्हणला, घे गड्या, तुझ्याच पाठीची हाय.

त्याच साली बाप गेला, लंगोट खुंटीला लागला आणि खांद्यावर पोतं आलं. माझं कार्ड काही कुणी छापलं न्हाई. पण हरबाच्या कार्डावर मी होतो, मागच्या बाजूला, एवढंच.

मालकीण, संजयची आई, वारली, मंग संजयनं मला इथं आणलं, चोआ चू कांगला, अठराव्या मजल्यावर. सगळं छान हाय, नावं ठेवायला जागा न्हाई. पण माती पायाला लागत न्हाई. खाली उतरलं की फरशी, फरशी संपली की रस्ता, झाडाला पण कठडा. मंग मी बिस्किटाचा डबा उघडायचो, कार्डं त्याच्यात, आणि हरबाचा अंगठा नाकाला लावायचो. ताक आणि हळद. पन्नास वर्षं झाली तरी यायचा वास, न्हाई म्हणणाऱ्यानं मला सांगू नये. हरबा वारल्याचं मला इथंच कळलं, फोनचं कार्ड खरडून गावाला फोन लावला तवा. त्या दिवशी डबा मांडीवरनं खाली ठेवला न्हाई.

मंग माझी पंच्याहत्तरी आली. सूनबाई, वैशाली, पुण्याची पोर, इथंच पाया लेबार भागातल्या हापिसात हिशेबाचं काम करती. लई नीटनेटकी. पास, दाखले, पोरीची प्रशस्तिपत्रकं, घरातला कागद न् कागद ती प्लास्टिकात बंद करती, इथल्या दमट हवेत बुरशी धरती म्हणून. तिनं गुपचूप डबा नेला, कार्डं ओल्या कागदानं पुसली, हापिसातल्या मशिनीवर प्लास्टिकात घातली आणि चांगल्या अल्बमात लावून चार पाहुण्यांदेखत माझ्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हरबा उलटा केला. मागं पांढरं.

मी छान म्हणलं. पाहुण्यांसमोर सुनेचा अपमान करणारा मी न्हाई. पण पाहुणे गेले आणि माझं तोंड मिटलं. नात इथल्या इंग्रजीत विचारती, आजोबा व्हाय यू सो अँग्री लाह, मी भिंतीकडं तोंड. संजयला एवढंच म्हणलं, तिकीट काढ, मी गावी जातो. तो म्हणला, अण्णा, तिथं कोण आहे आता? मी म्हणलं, माती हाय.

मंग एका संध्याकाळी वैशाली हापिसातनं आली ती पर्ससुद्धा खाली न ठेवता माझ्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, अण्णा, मी काय पुसलं ते तरी सांगा, त्याशिवाय मी उठायची नाही. मी म्हणलं, बस मंग. बसली. संजयनं जेवायला हाक मारली, उठली न्हाई. माझ्यापेक्षा हट्टी निघाली हो. शेवटी मला सांगावं लागलं, आणि सांगायचं म्हणजे हरलो ते पण सांगायचं, जे मी मालकिणीला सांगितलं न्हवतं, संजयला न्हवतं. ढाक, आभाळ, पाठ, सगळं सांगितलं. ती रडली. मी न्हाई रडलो, तसं लिहू नका.

दुसऱ्या दिवशी कुठं रस्ता खणत होते तिथनं तिनं जेवणाच्या डब्यात तांबडी माती आणली. संजय म्हणतोय, अगं, फाइन बसेल. ती म्हणाली, भरीन. मी सांगितलं तसं तिनं ताक, हळद, तेल घातलं, लिंबू पिळलं, आणि मी मळली. हात अजून विसरला न्हाई. मंग हरबाचं कार्ड उलटं धरून म्हणाली, अण्णा, द्या तुमचा अंगठा.

मी म्हणलं, पोरी, हरलेल्याचा अंगठा नसतो. माझी पाठ आतापातूर हरबानं लावली आणि काल तू लावलीस. जिंकणाऱ्यानं द्यायचा, तू दे.

तिनं दिला. लाजत दिला, पण नीट दाबून दिला.

आता प्लास्टिकावर माती टिकत न्हाई. वाळती आणि झडती. मंग सणासुदीला वैशाली परत उठवती, डब्यात माती ठेवलीय भिजवून. तिकीट मी काढू दिलं न्हाई. वास मात्र तो न्हाई हो. ताक हाय, हळद हाय, तरी तो न्हाई, ती माती कुणाच्या पाठीला लागलेली न्हाई ना. पण जाऊ द्या. पोरं सुखात राहोत, तुमचं बी भलं होवो. जाताना तेवढं वरचं बघा, पैलवान आधी लिहिलंय का.