लग्नाचा जुना दाखला

मतदानाचे ओळखपत्र नाकारले गेलेली वृद्धा आपल्या नवऱ्यासह कचेरीतल्या बाकावर येऊन बसली, तेव्हा शेजारी बसलेल्या हॉलिसने वर्तमानपत्र उघडेच ठेवले. वाचणे मात्र थांबवले.

“नाव कसं बदललं ते दाखवायला पहिल्या लग्नाचा दाखला नाही, म्हणून मंगळवारचं माझं मत बुडणार. या ओळखपत्राच्या कायद्यासाठी अख्ख्या मिसुरी राज्यभर सह्या गोळा करत कोण हिंडलं होतं, व्हर्जिल?”

“मीच. पण तो परक्यांसाठी होता गं!”

“आणि तो दाखला शेगडीत कुणी घातला?”

“मीच. तुझ्या पहिल्या नवऱ्याचं नाव मला घरात नको होतं.”

“नवी प्रत जॉप्लिनला मिळते. तीन तासांचा रस्ता आहे.”

“मत कुणाला देणार?”

“तुझ्या उमेदवाराविरुद्ध. चाळीस वर्षं तेच करतेय.”

व्हर्जिलने टोपी डोक्यावर चढवली.

“कोट घाल. तिथली कचेरी पाचला बंद होते.”