निळ्या पट्टीचं पाणी

…न्हाई न्हाई साहेब, त्या खुर्चीवर नका, तिचा एक पाय मोडलाय — ह्या स्टुलावर बसा. नांदेडच्या विद्यापीठातून लातूरला आलाव, ते बी उंदरांची चौकशी करायला, मंग बूड टेकून करा की. मी मल्लम्मा. कॉलेजच्या ह्या उंदीरखोलीत बारा वर्षं झाली — पिंजरे धुते, भुस्सा बदलते, पाणी भरते. शास्त्रातलं मला काय कळतंय? कळतंय थोडं, ऐकून ऐकून. मेंदूच्या खाली एक गाठ असती, पिट्युटरी म्हणतेत तिला, उंदराची म्हणजे मोहरीएवढी. ते डोपामिन हाय न्हाई का, ते त्या गाठीला दटावून ठेवतंय. मादी म्हातारी झाली, बाईपणाचं हार्मोन आटलं, की मंग त्या दटावण्याचं काय होतंय — एवढं बघायला पीएचडीवाल्या शिवांगीनं चार वर्षं घातली. घरात सासू असती तर फुकटात कळलं असतं. पण असू द्या, शास्त्र हाय.

तर एका खेपेला चोवीस म्हाताऱ्या माद्या. सगळ्यांची अंडाशयं काढलेली. बारा जणींना पाण्यातून हार्मोन, ते निळ्या डब्यातलं, त्यांच्या बाटलीला निळी पट्टी — बारा जणींना साधं पाणी, पांढरी पट्टी. दोन्हीकडच्या गाठी काढून बघितल्या की फरक दिसाय पाहिजे. दिसलाच न्हाई. तीन खेपा केल्या पोरीनं, तरी न्हाई. आता तुमचं म्हणणं, दोन्हीकडचे आकडे इतके सारखे कसे, तिनं ते घरी बसून लिहिले. हाव, हदगावकडची हाय ना, खेड्यातली पोरगी म्हणजे लबाडच असणार. आणि तिचे गाईड, वैजनाथ सर — पेपर छापायचा असला की ‘आमची शिवांगी’, आता ‘ती विद्यार्थिनी’ म्हणायलेत. पीएचडीतून तिचं नाव काटायचं ठरलंय म्हणे. काल इथंच बसून रडली, ह्याच स्टुलावर. मावशी म्हणती मला. मी तिला पाणी दिलं, दुसरं काय देणार.

काय लिहायलाव? निळा डबा लवकर कसा संपला? आता ते उंदरांना विचारा. उन्हाळा हाय, तहान लागती, सांडतंय बी — आणि चोवीस जणींना तो डबा महिनाभर कसा पुरंल, तुम्हीच सांगा.

पेन का थांबलं? बारा. बारा जणींना म्हणले मी. न्हाई? चोवीस म्हणले? …तोंडातून गेलं असंल. वय झालं की जातंय काहीबाही, तुमच्या पुस्तकात असंल बघा.

असं बघू नका साहेब. सांगते. चौतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली, अंडाशयं बी काढली. पोट दुखायचं म्हणून गेले होते. डॉक्टर म्हणाला, दोन लेकरं झालीत, आता ठेवून काय लोणचं घालायचंय — आणि आमचे मालक हसले, सही करून मोकळे झाले. मान खाली घालू नका, पिशवी म्हणलं की सगळे गडी घड्याळ बघतेत. पुढं काय झालं ते कुणी विचारलं का? अंगाची नुसती लाही. झोप न्हाई, केस गेले, सांधे धरले. औषध असतंय हे मला इथं उंदरांमुळं कळलं, तवा मी चाळिशीत. लई हसले मी त्या दिवशी. उंदरांना रोज तोलतेत, रोज लिहितेत — आज खाल्लं का, आज झोपली का.

आणि त्या पांढऱ्या पट्टीवाल्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसायच्या. केस विस्कटलेले, सुस्त. औषध हाताशी, आणि द्यायचं न्हाई — का? तर फरक दिसाय पाहिजे म्हणून. मला न्हाई बघवलं. भरलं त्यांच्या बी बाटल्यांत निळ्या डब्यातलं. एकदा, मंग रोजच. तिन्ही खेपांना. मोठा उपकार केला जणू — शेवटी मारल्याच त्या सगळ्या. पोरीचं असं वाटोळं होईल हे डोक्यातच आलं न्हाई. आणि आलं तवा भ्याले. वीस दिवस गप बसले साहेब, ती समोर रडली तरी गप बसले. लाज वाटती मला.

लिहा आता. आकडे पोरीचे खरे हायत, पाणी खोटं होतं. पाणी मल्लम्मानं बदललं. वय एकावन्न — आणि वयाच्या पुढं लिहा, पांढरी पट्टी. न्हाई, लिहाच. आणा इकडं, सही करते.

झालं? मंग उठा. नव्या आलेल्या माद्यांचं पाणी भरायची माझी वेळ झाली. आणि जाताना दार ओढून घ्या, कूलरचं गार बाहेर जायलंय — ह्या म्हाताऱ्यांना उकाडा सोसत न्हाई.