शनीचं कडं अन् चार मिलिमीटरचं भिंग

नाई, तुमीच सांगा मले... चार मिलिमीटर! चार! मसुराच्या दान्याएवढं भोक, अन् त्यातून म्हन्ते शनि पाहा! अरे, शनि पाहाचा का सुईत दोरा ओवाचा? अन् खोक्यावर छापेल काय, तं 'सव्वापाचशे पट मोठे दिसेल!' दिसलं ना! सव्वापाचशे पट मोठा अंधार दिसला! वीट आला बाप्पा मले त्या भिंगायचा, वीट!

तुमाले वाटन, हा बुढा कायले एवढा पेटून राहिला. तं आयका. मी देवमन, बडनेऱ्याचा. रेल्वेत बत्तीस वर्ष लाईनीवर काढले, रूळ तपासनारा कीमॅन म्हनून लागलो, मुकादम म्हनून सुटलो. अन् सुटलो त्याच दिवशी, गळ्यात हार असतानीच, इंदूले, म्हन्जे माह्या बायकोले, कबूल करून बसलो का तुले शनीचं कडं दाखोतो. काहून? तं लहानपनी नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत तिनं पाटीवर शनि काढला होता, गोल अन् भोवताल कडं. मास्तरनं ते पाटी साऱ्या वर्गाले दाखोली, म्हन्ते, "पाहा रे, इंदीनं ग्रहाले टोपी घातली! तू पाह्यलं का व कडं? तुह्या बापानं पाह्यलं का?" सारा वर्ग हासला. पन्नास वर्ष झाले त्या गोष्टीले, अजून बी भाकर थापता थापता मधातच थांबते अन् म्हन्ते, "टोपी म्हने, आँ? टोपी!" मंग? दाखवा नाई लागन का कडं?

तं गेलो अकोल्याले. तिथं आपले गयासुद्दीनभाई, जुन्या सामानाचं दुकान, घड्याळं म्हना, रेडिओ म्हना, कॅमेरे म्हना, सारं पोत्यात. दुर्बीन बी पोत्यातूनच काढली त्यायनं. "देवमनभाऊ, जापानी माल है! आपके वास्तेच छुपा के रख्या था मैं." नळी बरी होती, खोटं काहून बोलू? पन दुर्बिनीची खरी मेख नळीत नसते ना, बुडाले असते! तिथं ते बोटभर भिंग लावा लागते, आपन ज्याले डोळा लावतो ते. आयपीस म्हन्ते त्याले. अन् तेच हारपेल! मी म्हन्लं भाई, पेन्शनवाला मानूस हाओ, स्वस्तातलं द्या. तं त्यायनं हे चारचं खोकं काढलं, फूऽऽ करून धूळ उडोली माह्याच तोंडावर. "ये लेव! सबसे पावरफुल! इससे आगे तो जन्नत दिखेगी!" घेतलं मी. पावर म्हन्ली का आपला मानूस घेतेच! मोटारपंप असो, मिक्सर असो, कंबरेचं तेल असो... पावर जास्त हाय का? हाय? मंग बांधा!

संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकली, इंदूले बसोलं. "दिसते?" "नाई." मी डोळा लावला... अंधार. जरासा धक्का लागला तं एक पिवळा डाग सर्रकन या बाजूनं त्या बाजूले गेला, जशी न थांबनारी मेल टेसनातून जाते! पुन्हा धरला, पुन्हा पळाला. पापन्या त्या काचीले घासून राहिल्या, डोळ्यातून पानी, नाकातून पानी... हे पाहानं हाय का कांदे चिरनं? थू! वीट आला बाप्पा मले त्या भिंगायचा!

फोन केला पोरीले, दीक्षाले. ते पुन्यात इंजिनेर हाय, आता बोलते बी तिकडच्यावानीच. "बाबा, पॉवरच्या मागे कशाला लागता हो? आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं, पण अंधुक. तुम्ही दहाचं घ्या. साधं, प्लॉसल प्रकारचं घ्या, महागडं काही नको." घ्या! आता हा प्लॉसल कोन? अन् हा कुठचा न्याय का आकडा लहान तं चित्र मोठं? तेवढ्यात भिंतीपल्याडून शेजारच्या जीवननं मुंडकं काढलं, त्याले तं कोनी इचाराचीच गरज नाई! "भाऊ, दहाचं काय घेता? झूमवालं घ्या! फिरोलं का आठ, फिरोलं का चोवीस. मी व्हिडिओ पाह्यला ना!" व्हिडिओ पाह्यला म्हन्ते. दोन महिन्यापासून त्याच्या घरचा गॅसचा लायटर लागत नाई, माचीस मांगाले आमच्या घरी येते, अन् हा मले झूम शिकवून राहिला!

नाई आयकलं त्याचं. पोरीचं आयकलं, दहाचं मागोलं. आठ दिवसानं आलं, काय सुंदर, काळंभोर, जड! इंदू म्हन्ते, "अत्तराच्या शिशीवानी हाय बाई." मी मोठ्या थाटात लावाले गेलो... जाईच ना! दाबलं, फिरोलं, तेल लावलं... जाईच ना! नळीचं तोंड बारकं, भिंगाचा दांडा जाडा! गयासुद्दीनभाईले फोन केला. "भाऊ, आपका पाइप तो पुराने नाप का है. आजकल सब सव्वा इंच का आता. मेरेकू क्या मालूम आप दूसरा लेंगे! आपने नापा नहीं?"

आपने नापा नहीं! तुमाले सांगतो, मले वाटलं धरनीनं पोटात घ्यावं. बत्तीस वर्ष माह्या हातात काय होतं? गेज! दोन रुळायमधलं अंतर मोजाचं, उन्हात मोजाचं, पान्यात मोजाचं, दुसरं केलं काय मी जन्मभर? नॅरोगेजवर ब्रॉडगेजचा डबा चढत नाई, हे नव्या पोरायले मी शिव्या देऊ देऊ शिकोलं! अन् मीच... एक फुटपट्टी लावाची होती हो, एक! त्या दिवशी भिंगाचा नाई, मले माहाच वीट आला बाप्पा, माहाच!

मंग काय, लेथवाल्याकून मधात बसवाचं पितळेचं बुश कापून आनलं, एका तोंडानं जाडं, एका तोंडानं बारकं. बसलं एकदाचं! संध्याकाळी साडेसातले शनि धरला. अन् काय सांगू... मुगाच्या दाळीएवढा, पिवळा, अन् आरपार बारीक कडं! सुईवानी बारीक, पन हाय! खरं कडं! जीवन तं न बोलावता हजरच. त्यानं डोळा लावला. "भाऊ, आत स्टिकर तं नाई ना चिपकोलं?" सरक म्हन्लं, मूर्खा. ये इंदू, बस. पाहा तुह्या मास्तरची टोपी!

ती वाकली. पाह्यलं. लय वेळ पाह्यलं.

"दिसलं?"

"दोन-तीन दिसून राहिले. धुक्यात दिवे लागल्यावानी."

मी चित्र साफ कराची खुंटी फिरोली. आता? "तसंच." काच पुसली. आता? "तसंच." झालं, माहं डोकं सनकलं! हे बी भिंग भंगार! वापस करतो! कंपनीले शिव्या, गयासुद्दीनभाईले शिव्या, त्या प्लॉसलच्या सात पिढ्यायले शिव्या, वीट आला बाप्पा म्हन्लं मले या साऱ्यायचा... तं तो जीवन, तोच लायटरवाला, हळूच इचारते, "वयनी, ते समोर पान्याच्या टाकीवर लाल दिवे किती हाय?"

"तीन," इंदू म्हन्ते.

एकच हाय.

रुळावरची केसाएवढी चीर मले चालता चालता दिसे, साहेब लोकं पाठ थोपटत. अन् जिच्या हातची भाकर रोज खातो तिच्या दोन्ही डोळ्यायवर मोतीबिंदू चढला, ते मले नाई दिसलं. लाज वाटली. लय लाज वाटली. म्हन्लं, काहून नाई सांगतलं व? तं म्हन्ते, "सांगनारच होती. मंग तुमी ते भिंगं घेऊन बसले."

आनलं तिले इथं अमरावतीले, या दवाखान्यात. आन्‌ डॉक्टर काय म्हनाव? "काका, डोळ्यातलं जुनं भिंग काढून नवीन बसवायचं. तीन प्रकारची आहेत. साधं आहे, इम्पोर्टेड आहे, जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारं आहे. कोणतं घेता?" अन् माह्यासमोर रंगीत कागद! मले दरदरून घाम! तरी मी जिभेले पानी लावून म्हन्लं, डॉक्टरसाहेब, याचं माप किती मिलिमी... तं इंदूनं कागद माह्या हातातून ओढलाच.

"ह्यायले नका इचारू! साधं टाका, माह्या डोळ्यात बसन असं. अन् तुमी," मले म्हन्ते, "बाहीर बसा. मी येईपरेंत कोनापाशी भिंगाचं नाव काढाचं नाई. एक शब्द नाई!"

म्हनून बसलो ना बाप्पा. सकाळी नऊ वाजल्यापासून या बाकावर बसून हाओ तुमच्यासंग... तोंड उघडलं का मी?