गाडवाट नव्हे, ओढा

भिंगारदिवे वहिनी, लेकींनो, आणि इथे जमलेल्या गावकऱ्यांनो,

भिंगारदिवे साहेबांच्या या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. पण साहेबांबद्दल बोलायचा सगळ्यात कमी हक्क कुणाला असेल, तर तो मला. का, ते सांगतो. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

साहेब नगररचना खात्यात आराखडे काढायचे. नगर शहर वीस वर्षांनी कुठवर पसरेल, भोवतालच्या गावांतून रस्ते कुठून जातील, पाणी कुठून वाहील, हे ते आधीच कागदावर मांडायचे. मी तेव्हा सरपंच होतो. आपलं गाव तेव्हा नगरच्या बाहेर होतं. आता नगर कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं, सांगा बरं कुणी?

त्या आराखड्यात आपल्या गावातून एक रुंद पट्टा मोकळा सोडला होता. ओढ्यासाठी. दोन्ही काठांना झाडं, बांधकाम बंद. आम्ही खवळलो. ओढा कसला? त्या कोरड्या वाळूतून आपल्या बैलगाड्या जायच्या. आपण सगळे त्याला गाडवाटच म्हणायचो. मी हरकतीचा अर्ज लिहिला, 'सदर जागी ओढा नसून गाडवाट आहे.' घरोघर फिरून सह्या घेतल्या. माझं अक्षर चांगलं, त्याची मोठी घमेंड होती मला.

साहेब स्वतः आले. एसटीनं, भर उन्हात. मी म्हणालो, "साहेब, हितं वढा न्हाई. गाडवाट हाय. कुनालाबी इचारा."

ते वाळूत उकिडवे बसले. एक गोटा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाले, "सरपंच, हा असा गोल कुणी केला? बैलांनी?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या बोलण्याला नाही, त्यांना हसलो.

हरकत मान्य झाली. पट्टा कागदावरून गेला. प्लॉट पडले, घरं झाली, माझंही झालं. पुढचं तुम्हाला मी काय सांगू? गेल्या पावसाळ्यात गाद्या गच्चीवर कुणी नेल्या नाहीत?

साहेब कधी बाजारात भेटायचे. जुनं काही काढायचे नाहीत. "पाणी येतं का हो घरात?" एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, "छे, तसं काही नाही." खोटं बोलायचो. त्यांच्या घरी जाऊन एकदा 'चुकलो' म्हणावं, असं किती वेळा मनात आलं. आज जाऊ, उद्या जाऊ. राहूनच गेलं, वहिनी. फार वाईट वाटतं त्याचं.

आता नवा आराखडा आलाय. पट्टा परत दाखवलाय. परवा चार जण माझ्याकडे आले. इथेच बसलेत, नावं घेत नाही. म्हणाले, "आण्णा, अर्ज तुमीच लिव्हा. मागचा लई भारी लिव्हला हुता."

मी लिहिला. त्यात लिहिलंय, सदर जागी ओढा आहे, आणि माझं घर त्या ओढ्यात आहे. खाली सही माझ्या एकट्याची आहे. घर जाईल, मला ठाऊक आहे. सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही.

साहेब, मी चुकलो. हे तुमच्या दारात येऊन म्हणायचं होतं. तुम्हाला माझा अखेरचा जय भीम.

चला, उभे राहूया. दोन मिनिटं गप्प राहू. साहेब आले होते तेव्हा आपण फार बोललो होतो.