तेलासारखा मोगरा

"का हो भाऊ, या फुलांना तेल लावलंत का तुम्ही?"... असं इचारलं मले! मले! पुंजारामले! तुमाले सांगतो, वीस वर्सं झाले, अमरावतीले अंबादेवीच्या देवळासमोर मी मोगरा घेऊन बसतो, वलगावचा माळी मी, लोकं माह्याशी भावावरून भांडले, जागेवरून भांडले, एकानं तर माह्या टोपल्यावर बकरी सोडली, पन फुलाईले तेल लावलं का, हे आजपावतर कोन्या मायच्या लालानं इचारलं नोतं! आन् इचारनारी कोन? गोदाबाई! वकिलाच्या घरची, शिकलेली, दहा वर्सापासून माह्याकडून रोज गजरा नेनारी! गजरा नाकाशी धरला, डोळे मिटले आन् म्हनते कशी, "अगबाई, अगदी केशविहार तेलासारखाच वास येतो हो! छान साधलीत नक्कल!"

नक्कल! आता तुमीच सांगा, तेल मोगऱ्यासारखं का मोगरा तेलासारखा?

अहो, मोगरा म्हनजे काय शेठच्या दुकानातली शिशी हाये का, बूच काढलं का आला वास? कोंबडं आरवाच्या आंधी वावरात जा लागते, कळी मिटलेली हाये तवरच तोडा लागते, उमलली का गेली कामातून! ओल्या फडक्यात बांधाची, पळसाच्या पानात ठेवाची, दमनीत टोपलं मांडीवर घेऊन बसाचं, आन् बैलानं जराक धक्का देल्ला का गाडीवानाले शिव्या देत अमरावतीपावतर याचं. तेबी वैशाखात! आपल्या वऱ्हाडातल्या वैशाखात! डोक्शावरचं दुपट्टं वाळते पन फडकं वाळू देत नाही मी. पयली ओंजळ देवीले, एक गजरा घरच्या लक्ष्मीसाठी बाजूले, मंग धंदा. असा माहा नेम.

आन् या चैतात काय झालं? समोरच्या ओमप्रकाश शेठनं दुकानावर टिनाची पाटी ठोकली. पाटीवर कोन, तर मिस हेमकांता! बोलपटातली! केस मोकळे, गुडघ्याच्या खाली, मान अश्शी वाकडी, जशी काही तुमालेच हाक मारून राहिली. खाली लिवलेलं, शेठनंच वाचून दाखवलं, 'माझ्या केसांच्या सुगंधाचं रहस्य, केशविहार तेल.' आता वाचता येते कोनाले अथी? पन वाचा कायले लागते! शेठनं ग्रामोफोन आनला, त्या बाईच्या गान्याची एकच तबकडी, दिवसभर तेच ते, तेच ते, कावळेबी झाड सोडून गेले! पंधरा दिवसांत हाल असे का बाया देवीले हात जोडत आन् निंगता निंगता पाटीकडं पाहत. दर्यापूरच्या एका म्हातारीनं तर पाटीवरच्या बाईले हळदकुंकू लावलं! तिले वाटलं, नवी देवी बसवली! आन् तिचं पाहून मांगच्या चार जनीनं लावलं! मी वरडून राहिलो, "अवो माय, ते देवी नोय, ते तेलवाली होय!" तं म्हातारी माह्यावरच डोळे काढते, "गप बस, कोप होईन!"

आन् गजरे? पडले तसेच. दुपारी माह्या डोळ्यादेखत सुकून राहिले.

गेलो शेठकडं. म्हटलं, "शेठ, खरं सांगा, हे बाई हे तेल लावते का?" तं शेठ पोटावरून हात फिरवते आन् म्हनते, "अरे पुंजाराम, लगाती है या नहीं, कौन पूछता है? आदमी चेहरा देखता है, हाथ बोतल पे जाता है. बीच में दिमाग का क्या काम?"

वा रे वा! म्हनजे आमचं डोक्सं काय फक्त तेल लावाले हाये?

पन बाहेरच्याचं काय घेऊन बसलो मी... घरी गेलो तं भितीतल्या देवळीत शिशी! आमच्या घरात! आमची मनकर्णा आरशापुढं बसून केस इंचरून राहिली. मोगऱ्याच्या चाळीस झुडपात राहनारी बाई मोगऱ्याच्या वासाचं तेल इकत आनते! म्हटलं, "तुले मोगरा कमी पडला का वं?" तं म्हनते, "मोगरा काय, वावरातला हाये. हे मुंबईचं हाये." गजरा पुढं केला. "ठेवा तथी," म्हने. आन् वरतून, "अवो, आयका न, हे झुडपं काढा आता. हिरीचं पानी फुकट चाललं. कांदे लावा."

कांदे!

तुमाले सांगतो, लग्न झालं तवा हेच मनकर्णा म्हने, मले डागिने नको, दारापुढं मोगरा लावा. मी लावला. एकाचे दोन, दोनाचे चाळीस केले. उन्हाळ्यात हीर आटली तं पेन्याचं पानी देल्लं त्याइले. आन् आता कांदे! माहा जीवच तुटला, खोटं कायले सांगू.

मंग आयकलं का मिस हेमकांता अकोल्याले येऊन राहिली, बोलपटाच्या पयल्या खेळाले. म्हटलं, जातो आन् तोंडावरच इचारतो! बडनेऱ्यावरून गाडी धरली, ओल्या फडक्यात मोगरा घेतला. अकोल्याले काय गर्दी बापा! जुन्या शहरातून मोर्ना नदीच्या अलीकडं सारे लोकं लोटलेले, कोनाचं पागोटं पडलं, कोनाच्या पायातल्या वाहना गेल्या, मी कोपरं मारत मारत मोटारीपावतर पोचलो आन् गजरा खिडकीतून आत घातला. "बाई, वास घ्या आन् सांगा!" बाईनं वास घेतला, आन् तुमाले खोटं वाटन, डोळ्यात पानी आलं तिच्या! म्हने, "हाय, असली मोगरा! उस तेल से तो मेरा सर दुखता है!" आन् घातला न गजरा केसात! केस केवढे? खांद्यापावतर! मी वरडलो, "आयका हो, आयका, बाई काय म्हनते!" पन तिच्या मुनीमानं काच वर केली आन् मोटार गेली. आयकलं कोनी? कोनीच नाही! सारे "हेमकांता, हेमकांता" करून राहिले होते.

जाऊ द्या, म्हटलं, मले तं समजलं. छाती फुगवून बडनेऱ्याले उतरलो, बिडीसाठी बंडीच्या खिशात हात घातला तं हाताले काय लागलं?

शिशी! केशविहारची! नवी कोरी, पाटीवरच्याच बाईच्या चित्राच्या कागदात गुंडाळलेली!

कवा घेतली? काहून घेतली? माहा मले पत्ता नाही! इतकंच आठवते का टाकीजपाशी पाटी होती, बाई मान वाकडी करून पाहून राहिली होती... अरे, तिनं सोता मले सांगतलं का डोक्सं दुखते, तरी घेतली! मोगऱ्याच्या माळ्यानं! लाज वाटली हो मले, लय लाज वाटली. मंग म्हातारीले हसाचं मले काय तोंड राहिलं?

आन् तुमीच सांगा, तेल मोगऱ्यासारखं का मोगरा तेलासारखा?

तं काल सकाऊन मनकर्णानं कुदळ दारात ठेवली. म्हटलं, आज खपला नाही तं उद्या काढतो झुडपं. आन् बसलो देवळासमोर, टोपलं भरून, अन् तवाच आली हे गोदाबाई. तेल लावलंत का म्हने! माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठलो, टोपलं तिच्या पायाशी आपटनार होतो, देवीशपथ! पन कुदळ आठवली... आन् तोंडातून काय निंगालं? "हाव बाई! लावलं! कंपनीचाच हाये! मिस हेमकांताचा मोगरा! घ्या, केशविहार मोगरा!"

अहो, झुंबड उडाली! आरतीच्या आंधी टोपलं रिकामं! माह्याच फुलाईले, माह्याच तोंडानं! रडावं का हसावं समजेना.

एक गजरा ठेवला होता नेमाचा. त्या शिशीच्या कागदात गुंडाळला, घरी नेला, मनकर्णाच्या हातात देल्ला. तिनं कागदावरची बाई पाह्यली, गजरा नाकाशी नेला, आन् काय सांगू, लग्नात हसली होती तशी हसली! केसात घालून आरशापुढं उभी राहिली. "अवो, याले म्हनतात मोगरा! नाही तं आपला! माय वं, कुठी भेटला इतका चांगला?"

म्हटलं, "अमरावतीले."

"मंग असं करा न," म्हने, "आपले झुडपं काढून टाका, आन् पावसाळा लागला का याचे कलमं आनून लावा."

तं आता बसलो हाये... माह्याच मोगऱ्याचे कलमं माह्याच वावरातून काढाचे, चिंधीत बांधाचे, अमरावतीपावतर हिंडवाचे, आन् आनून माह्याच वावरात लावाचे.