सविताच्या गच्चीवरचे लपलेले स्क्रू

"सविताच्या गच्चीवरल्या नव्या लाकडी डेकला म्हणे एकही स्क्रू न्हाई, पाय ठेवला की..." जिन्यात एवढंच कानावर आलं, अन् मला बघून बाया पांगल्या.

संध्याकाळी त्याच डेकवर हळदीकुंकू. पण बाया दारातच थबकलेल्या, फळीवर पाय ठेवायला कुणी तयार न्हाई. सविता रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "अहो काकू, स्क्रू हायेत! वरून दिसू नयेत म्हणून फळ्यांच्या फटीत क्लिपा लावून त्यात कसलेत!"

मंग मीच पालथी पडले अन् मोबाइलचा उजेड फटीत मारला. "बराबर दिसून राह्यले गं! या बिनधास्त!"

सगळ्या येऊन बसल्या. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन ऐटीत पार कडेच्या फळीवर गेले, तर फळी उलटली, मी आडवी अन् ताट माझ्याच अंगावर.

सविता ओरडली, "काकू, तेवढी एकच फळी कसायची राह्यलीय! मिस्त्री उद्या येणार हाये!"