सात खान्यांची डबी

— नाही नाही, मला वाईट कशाला वाटेल, बसा ना, त्या स्टुलावर बसा. असं विचारणारे तुम्ही काही पहिले नाही. या कंपू बाजारात मेडिकलचं दुकान टाकून पंचवीस वर्षं झाली मला, मनाच्या डॉक्टरचा औषधाचा पर्चा घेऊन आलेला माणूस इथे येऊन आवाज हळू करतो आणि हेच विचारतो — भैया, सच में ज़रूरत है, या कंपनी से सेटिंग है? तुम्ही मराठीत विचारलंत, एवढंच. मुरारचे का? अच्छा. आणि ही उन्नती — मुलगी तुमची? एकोणीस वर्षं. आता झोपते, जेवते, कॉलेजला जाते, म्हणून गोळी बंद करावी म्हणता. हं.

आता सेटिंगचं विचाराल तर आहे. मी काउंटरच्या या बाजूला उभा असतो, माझ्याशी कोण खोटं बोलणार? सोमवारी औषध कंपनीचा माणूस, एमआर, येऊन सांगतो, शेठ, पुढच्या आठवड्यापासून डॉक्टरसाहेब आपली गोळी लिहिणार, माल भरून ठेवा — आणि लिहितात हो! वीस पर्चे, वीसही त्याच गोळीचे. वीस जणांची डोकी काय एकाच आठवड्यात एकसारखी बिघडली? नाही ना. डॉक्टर कंपनीच्या पैशाने थायलंड फिरून आले, तेवढंच झालं. आणि शुगरला रक्त काढतात, हाडाला फोटो काढतात, इथे काय? वीस मिनिटं बोलायचं — झोप येते का, रडू येतं का — की लिहिला पर्चा. याला शास्त्र म्हणायचं का? मीपण हेच म्हणायचो, तुमच्यापेक्षा जोरात म्हणायचो. मराठी समाजाच्या गणपतीत म्हणायचो, घरी जेवताना म्हणायचो. बहिणीसमोरसुद्धा.

सीमंतिनी. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, लग्न नाही केलं, आमच्याकडेच असायची. मुरारच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची — तुमच्या उन्नतीला असेल कदाचित, नसेल, जाऊ द्या. सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा आजारी पडली. अकरा दिवस झोपली नाही, नुसती बोलत होती, हसत होती, कपाटातल्या साड्या रस्त्यावरच्या बायकांना वाटून आली. मग चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून. इंदरगंजला डॉक्टर समरजीत आहेत, त्यांच्या गोळीने उठली. उठली, हे खरं आहे बरं का — ते मी नंतर सोयीने विसरलो, ते वेगळं. आठ वर्षं रोज सकाळी ती एक पांढरी गोळी. सात खान्यांची डबी होती, सोमवार ते रविवार, दर रविवारी मी भरून द्यायचो. घरचा दवावाला असल्यावर दुसरं कोण भरणार?

पण त्या गोळीने हात थरथरायला लागला तिचा. फळ्यावर रेघ सरळ येईना, पोरं हसायची. एकदा मला म्हणाली, दादा, तुला तर यातलं सगळं कळतं, ही माझी कधी सुटेल रे? मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही, म्हणाले, ज़िंदगी भर. बस. मला असा राग आला! म्हटलं, ज़िंदगी भर कुणाला लागते, तिला की कंपनीला? आपणच परीक्षा करून बघू.

— नाही, तिला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर परीक्षा कसली? भीतीनेच आजारी पडली असती. कॅल्शियमची एक गोळी येते, तेवढीच गोल, तशीच पांढरी. एका रविवारी डबीत त्या भरल्या. हसू नका — नाही, तुम्ही नाही हसत आहात, मला वाटलं. त्यांच्यात शास्त्र नाही ना, म्हणून मी शास्त्र करायला निघालो होतो. आणि सांगतो तुम्हाला, तीन महिने काय सुरेख गेले! हात थांबला. दिवाळीत दारासमोर एवढी मोठी रांगोळी काढली, एक रेघ वाकडी नाही. भाऊबीजेला मला ओवाळताना म्हणाली, दादा, आता बघ, ताट हलत नाही. आणि मी मनात म्हणतोय — बघितलंस समरजीत? बघितलंस?

चौथ्या महिन्यात झोप कमी झाली. मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला तिच्याआधी दिसलं होतं. ती स्वतः आली माझ्याकडे, इथेच, तुम्ही बसला आहात तिथे बसली — दादा, मी रोज गोळी घेते, एक दिवस चुकवत नाही, मग परत असं का होतंय? डोकं थांबत नाहीये. गोळी वाढवायची का? तेव्हा सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. समोर गिऱ्हाईक उभं होतं — नाही, गिऱ्हाईक नव्हतं, उगाच म्हणतो मी, कुणीच नव्हतं. मी म्हणालो, दोन घे.

दोन घे म्हणालो.

डबीच्या उरलेल्या खान्यांत आणखी एकेक कॅल्शियमचीच घातली, म्हटलं, रविवारी डबी भरताना खरी गोळी घालू, कुणाला कळणार नाही. गुरुवारी ती शाळेत जाते म्हणून निघाली, ती शाळेत पोचलीच नाही. संध्याकाळी तिघऱ्याच्या धरणावरून पोलिसांचा फोन आला. घरी येऊन मी पहिली ती डबी उघडली. गुरुवारचा खाना रिकामा होता. दोन्ही गोळ्या खाऊन गेली होती.

आता तुम्ही सांगा, आजार परत आला की आठ वर्षांची गोळी एकदम तोडल्याने झालं? दोन्ही होऊ शकतं म्हणतात. मी किती वाचलं नंतर, सगळं वाचलं. पहिलं असेल तर डॉक्टर खरे होते. दुसरं असेल तर एकदम तोडणारा मीच. दोन्हीकडून रस्ता इथेच येतो, या काउंटरवर. आणि डॉक्टर तेराव्याला आले होते हो, ज्यांना मी कंपनीचे नोकर म्हणायचो ते. हात जोडून म्हणाले, मी कुठे चुकलो, समजत नाही. त्यांच्या फाइलमध्ये लिहिलं आहे — औषध नियमित चालू असताना मृत्यू. उद्या कुणी असल्या फाइली मोजून काढेल की ही गोळी किती जणांना लागू पडली नाही, त्यात माझी सीमंतिनी असेल. मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या हिलाही नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला का सांगितलं, मलाही... बाहेर बोलू नका.

म्हणून म्हणतो, डॉक्टरशी भांडा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, कमी करायची तर त्यांना विचारून हळूहळू करा, पण मुलीला सांगितल्याशिवाय काही करू नका. या घ्या, महिन्याच्या तीन स्ट्रिप. — काय पाहताय? सीलबंद आहेत. कंपनीचं नाव मागे आहे, तारीख आहे. पाहा, उजेडात धरून पाहा... नाही, बरोबर करताय. मीही पाहिलं असतं.

पर्चा परत हवाय? हो. हो, घ्या ना. चौकातून डावीकडे वळलात की गरिमा मेडिकल आहे, चांगली माणसं आहेत, त्यांच्याकडे मिळेल. ह्या राहू द्या इथेच, मी ठेवतो. फक्त आजच घ्या हो. माझ्याकडून नको, पण आजच घ्या. साडेसातला ते शटर ओढतात. जा, निघा तुम्ही.